घोड्याच्या शेपटीचा केस

अंजनाला तो पहिल्यांदा हाताला लागला मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, डोक्यावरून अंघोळ करताना. डाव्या काखेच्या खाली, ऑपरेशनचा व्रण जिथं संपतो तिथं बोटाला काहीतरी अडलं. साबणाचा चुरा असेल म्हणून तिनं नखानं खरवडून बघितलं, पण ते निघेना. अंग पुसून आरशात बघितलं तर मुगाच्या दाण्याएवढा, तपकिरी, बारीक देठावर लोंबणारा एक मस होता.

दुसरी एखादी हंबरडा फोडती. अंजना न्हाणीतल्या दगडावर बसून राहिली. भीती नंतर आली. आधी आला तो कंटाळा, असा की ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकायचंसुद्धा जिवावर आलं. मग ती उठली, साडी नेसली, लक्ष्मीचा घट मांडला, कहाणी वाचली आणि नवऱ्याच्या हातावर प्रसादाचं केळं ठेवलं. त्या दिवशी तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात तिची डावी छाती काढली होती. त्यानंतर सहा केमो, पंचवीस दिवस किरणांचा शेक आणि पाच वर्षं रोज एक गोळी. कुंडलहून मिरजेला जाणाऱ्या यष्टीचे कंडक्टर तिला नावानं ओळखायला लागले होते. डावा हात अजून सुजायचा. पाण्याची कळशी त्या हातानं उचलायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. ब्लाउजच्या आत ठेवायला दवाखान्यातल्या ताईंनी काहीतरी परदेशी प्रकार दाखवला होता, तो तिनं नको म्हणून सांगितलं. जुन्या सुती साडीची पिशवी शिवली, वजनाला आत मोहरी भरली, आणि अंदाजानं असं काही जमवलं की चांगल्या चांगल्या बायकांना कळायचं नाही. उन्हाळ्यात तेवढी मोहरी तापायची.

नवरा नाथाजी फौजेतून हवालदार होऊन परत आलेला. दोन एकर ऊस आणि बायकोचा आजार, दोन्ही त्यानं फौजेच्या शिस्तीनं सांभाळले. रिपोर्टांची फाईल तारखेवार. गोळी सकाळी आठ म्हणजे आठ. बायकोच्या हाताला पीळ पडू नये म्हणून घरातली धुणी तेव्हापासून तोच धुवायचा. गावातले लोक हसले, त्यानं आणखी जोरात कपडे आपटले. गेल्या वर्षी गोळी बंद झाली तेव्हा त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं 'ऑल ओके' लिहिलं होतं. त्या माणसाला आता काय सांगायचं, हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न होता.

आणि सांगितलं की घर परत दवाखाना होणार, हे तिला पक्कं माहीत होतं. भेटायला येणाऱ्यांची रांग लागणार. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं ही एक वेगळीच जात आहे. बिस्किटाचा पुडा आणि एक शहाळं घेऊन येतात, तासभर बसतात, आपल्या चुलत मावशीची जाऊ याच आजारानं कशी वाळून गेली ते बारकाव्यासकट सांगतात, आणि जाताना 'धीर धर, देव तारी त्याला कोण मारी' म्हणून चप्पल घालतात. त्यांचा चहा करायला परत अंजनानंच उठायचं. मागच्या खेपेला तिनं हे सगळं सोसलं होतं. लेकीच्या लग्नातसुद्धा ती टकलावर स्कार्फ बांधून खुर्चीत बसली होती आणि वऱ्हाडी नवरी बघायच्या आधी नवरीच्या आईला बघून जात होते.

ती लेक, अंकिता, इस्लामपूरला दिली होती. तिला आता पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. चैत्रात दिवस भरणार होते. लग्नात खुर्चीत बसलेली आई बाळंतपणात तरी उभी राहणार होती. डिंकाचे लाडू तिनं मनातल्या मनात दहादा वळले होते. शेगडीसाठी बाभळीचा कोळसा सांगून ठेवला होता. आता मसाचं कळलं तर अंकिताचे सासरचे म्हणणार, तुमच्या घरातच आजार, आमची सून तिकडं कशाला? म्हणून सांगायचं नाही. चैत्रापर्यंत तरी नाही. अंजनानं स्वतःला हे कारण दिलं आणि ते तिला पटलंही.

पण मस मुगावरून मटकीएवढा झाला. ब्लाउजची शिवण त्याला घासायची. दिवसातून चारपाचदा तिचा उजवा हात आपोआप तिथं जायचा; भाकरी थापतानाही पीठ लागलेलं बोट तिथं जाऊन यायचं. शेवटी एका दुपारी तिनं चुलतजावेला, आक्काताईला, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आक्का, मस आपोआप पडतो का गं?"

"कुणाला आलाय?"

"मला. मानंवर हाय बारका."

आक्काताईनं मान काही बघितली नाही. ती गावातल्या अर्ध्या बायकांची डॉक्टर होती. तिला बघायची गरज लागत नसे.

"घोड्याच्या शेपटीचा केस बांध. करकचून. आठ दिसांत गळतोय बग. बाईमाणसाला घोड्याचाच पायजे, घोडीचा न्हाई चालत. आणि बांधला की कुणाला सांगायचं न्हाई, सांगितलं की दुप्पट येतोय. गळला की चुलीत टाकायचा आन् मागं न बघता उठायचं."

कुणाला सांगायचं नाही, हे ऐकून अंजनाला बरं वाटलं. तिचं गप्प बसणं आता नुसतं गप्प बसणं राहिलं नव्हतं, ते औषधाचं पथ्य झालं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण सहा वर्षं दूध पोळत पोळत प्यालेल्या माणसाला फुंकायचाही कंटाळा येतो. अंजनाचं तसं झालं.

वरातीला घोडा देणारा दादासो ओढ्याच्या कडेला राहायचा. ऊसतोड चालू होती. अंजना वाड्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, एक पेंढी उजव्या बगलेत मारून त्याच्याकडं गेली. घोडा वाडं खायला लागला. दादासो तिच्याकडं बघून म्हणाला,

"मस व्हय, वयनी?"

"तुमाला कसं कळलं?"

"घोड्याला चारा घालाय कोण येतंय उगंच? मसवालेच येत्यात. निम्मं शेपूट संपलंय त्याचं. वरातीत नवरदेवापरीस त्योच टकला दिसतोय."

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. दादासोनं एक लांब काळा केस उपटून तिच्या पदराच्या टोकाला बांधून दिला.

बांधायचं काम मात्र सोपं नव्हतं. डाव्या काखेखाली उजवा हात कसाबसा पोचायचा आणि एका हातानं गाठ बसत नाही. तिनं आधी केसाचा फास केला, न्हाणीत आरसा बादलीवर टेकवून ठेवला, फास मसाच्या देठात अडकवला आणि केसाचं दुसरं टोक दातात धरून ओढलं. डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या दिवशी मस जांभळा झाला, पाचव्या दिवशी काळा. नवव्या दिवशी सकाळी ब्लाउज काढताना तो केसासकट तिच्या तळहातावर पडला. मिऱ्याएवढा. पाणी तापवायची चूल पेटलेलीच होती. तिनं तो जाळात टाकला आणि सांगितल्याप्रमाणे मागं न बघता उठली. त्या रात्री तिला चांगली झोप लागली, हेही सांगायला पाहिजे.

चार दिवसांनी नाथाजी पिछाडीला धुणं धूत होता. त्यानं तिचा ब्लाउज दोनदा घासला, मग उजेडात धरून बघितला, मग तसाच ओला घेऊन स्वयंपाकघरात आला. डाव्या काखेजवळ पिवळट-तांबूस डाग होता.

"ह्ये काय हाय?"

अंजनानं तवा उतरवला. आता खोटं बोलायचा तिला उत्साह नव्हता. तिनं सगळं सांगितलं, घोड्यापासून चुलीपर्यंत. नाथाजी ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो पाटावर बसला, ब्लाउज त्याच्या मांडीवर ठिबकत राहिला.

"सकाळी सात-वीसची गाडी हाय," तो म्हणाला. "फाईल काढून ठेवतो."

मिरजेच्या डॉक्टर चारुलता मॅडम तिला सहा वर्षांपासून बघत होत्या. दिवा जवळ ओढून त्यांनी जखम बघितली, दोन्ही काखा चाचपल्या, गळ्याच्या बाजूला बोटं फिरवली. मग हातमोजे काढत साध्या आवाजात विचारलं,

"अंजनाताई, तो पडलेला तुकडा आणलाय?"

"न्हाई."

"घरी आहे का? कागदात, कापसात, कशातही चालेल."

"चुलीत टाकला."

डॉक्टरबाई हात धुवायला गेल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धूत राहिल्या. नाथाजी भिंतीकडं बघत उभा होता. अंजनाला वाटलं, ह्या बाईनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तो तुकडा माझ्याकडं आला असता तर आठ दिवसांत तुम्हाला उत्तर मिळालं असतं," डॉक्टरबाई परत येऊन बसल्या. "बहुतेक साधा मस असेल. शंभरातले बरेचसे साधेच असतात. पण तुमच्या व्रणाशेजारी आलेला मस मी नुसता बघून साधा म्हणणार नाही, आणि आता बघायलाही तो नाही. मुळाशी जे उरलंय ते काढून पाठवते. त्यात काही निघालं तर कळेल. नाही निघालं तर..."

"तर काय?" नाथाजीनं विचारलं.

"तर उरलेल्या जागेत काही नाही, एवढंच कळेल. जळालेल्या तुकड्यात काय होतं ते मला कुणीच सांगू शकणार नाही."

जागा बधिर करून त्यांनी मुळाचा भाग काढला, दोन टाके घातले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला: उरलेल्या जागेत आजाराच्या पेशी नाहीत. डॉक्टरबाईंनी तेच परत एकदा नीट समजावलं आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. मग परत तीन महिन्यांनी, अशी दोन वर्षं. नाथाजीनं त्यातलं 'पेशी नाहीत' तेवढं ऐकलं. सांगलीच्या स्टँडवर त्यानं पावशेर पेढे घेतले, गाडीत शेजारच्या माणसालाही एक दिला. अंजनानं पेढा हातात धरून ठेवला. त्याचा आनंद मोडायची ताकद तिच्यात नव्हती आणि त्यात सामील व्हायचीही नव्हती. पलूस येईपर्यंत पेढा हातातच विरघळून चिकट झाला.

त्यानंतरचे दिवस तिला फार जड गेले. आजार आहे म्हटलं की माणूस कंबर कसतो. नाही म्हटलं की कामाला लागतो. हे दोन्ही नव्हतं. खोकला आला की ती खोकला मोजायची. पाठ दुखली की दुपारभर तीच पाठ. आणि या सगळ्यावर एकच गोष्ट उगाळली जायची: आठ दिवसांत कळलं असतं. स्वतःच्या हातानं जाळलं. आक्काताईला दोष द्यावा तर ती बिचारी मानेवरच्या मसाचं औषध सांगत होती.

फाल्गुनात अंकिता आली. सासूनं ओटी भरून पाठवली होती, सोबत फराळाचा डबा. पोट चांगलं पुढं आलेलं, चेहरा भरलेला. अंजनाला तिच्याकडं बघूनच निम्मा शीण गेल्यासारखा वाटला. आठवडाभर दोघींनी लंगोट शिवले, दुपटी शिवली, सुंठ कुटली. मसाचं कुणीच काही बोललं नाही. नाथाजीकडून तिनं तशी शपथच घेतली होती.

एका सकाळी अंकिता सोप्यात झोपलीय असं समजून नाथाजी स्वयंपाकघरात कॅलेंडर घेऊन आला.

"पंचवीस एप्रिल. मिरजंची तारीख."

"त्या तारखंला कसं जमंल?" अंजना भाकरी उलटत म्हणाली. "पोरगी बाळंत झालेली आसंल. सव्वा महिना तरी मी हालत न्हाई. मग बगू."

"मग म्हंजे कवा?"

"बगू म्हणलं की."

"कसली तारीख?" दारातून अंकिता म्हणाली.

नाथाजीनं कॅलेंडर गुंडाळलं आणि, फौजेतला माणूस असूनही, सरळ माघार घेऊन गोठ्याकडं गेला. अंकिता चुलीपुढं पाट ओढून, एक हात जमिनीला टेकत हळूच बसली. अंजनानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या खेपेला घोड्याच्या टकलेपणाचं सांगताना कुणी हसलं नाही.

"आणि मला का न्हाई सांगितलंस?"

"तुझ्या सासरच्यांनी पाठवलं नसतं तुला."

"माझ्या सासूला तुझा आजार ठाऊक हाय, आई. माझ्या लग्नात तू तिच्यासमोर स्कार्फ बांधून बसलीवतीस. तरीबी तिनं सून केली. ती अडवणार व्हती मला?"

हे अंजनाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि आताबी माझ्या नावावर तारीख टाळतीयास," अंकिता म्हणाली. "माझं बाळंतपण, माझं बाळंतपण. मी म्हणलं व्हतं का, दवाखान्यात जाऊ नको म्हणून?"

तव्यावरची भाकरी करपली. अंजनानं ती काढली नाही. ती बोलली तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की अंकिताला वाकावं लागलं.

"तुझं बाळंतपण न्हाई गं. ते निमित्त व्हतं. मी दमलेय. मला परत त्या टेबलावर पडायचं न्हाई. परत ती वाट, ती गाडी, त्यो सुईचा वास. परत सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघत बसायचं. मस जाळला तवा मला वाटलं, आता कुणी इचारायचं न्हाई आन् मीबी कुणाला सांगायचं न्हाई. मला कळूनच घ्यायचं नव्हतं. मी लय दमलेय, अंकिता."

'काही होत नाही गं तुला', असं अंकिता म्हणाली नाही. तिनं चिमट्यानं करपलेली भाकरी तव्यावरनं काढली, बाजूला ठेवली.

"दमली आसलीस तर दमलेलीच जा," ती म्हणाली. "पण जा."

मग दोघी रडल्या. अंजना सहा वर्षांत लेकीसमोर रडली नव्हती. रडल्यावर घर कोसळेल असं तिला वाटायचं. घर काही कोसळलं नाही. थोड्या वेळानं नाथाजीनं गोठ्यातून हाक मारून विचारलं, चहा होणार आहे का.

अकरा एप्रिलला अंकिताला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली आणि अंजनानं पदर खोचला. पहाटे उठून पाणी तापवायचं, दोन्ही पाय लांब करून पोरीला त्यावर घ्यायचं, डाव्या हातानं नुसतं डोकं सावरायचं आणि उजव्यानं तेल, पाणी, धुरी. हात सुजायचा. संध्याकाळी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. रात्री ती आडवी झाली की हाडं ठणकायची, पण हा शीण वेगळा होता आणि तिला तो हवासा होता.

बाराव्या दिवशी बारसं झालं. तेराव्या दिवशी अंघोळ करताना टाक्यांच्या जागेवर तिच्या बोटाला पुन्हा काहीतरी लागलं. खसखशीएवढं, लालसर. ती न्हाणीतल्या दगडावर बसली, पण फार वेळ नाही. पदर गुंडाळून तशीच बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बग गं जरा, ह्ये काय हाय ते." अंकितानं मोबाईलवर फोटो काढला, मग बापाला हाक मारली. आक्काताई बारशाचे घुगऱ्यांचे डबे परत करायला आली होती. तिनं तोंड उघडलं आणि अंकिताकडं बघून परत मिटलं.

पंचवीस तारखेला अंजनानं पहाटे चारला उठून नातीला न्हाऊ घातलं, अंकिताला खीर दिली, आणि नाथाजीबरोबर सात-वीसची गाडी धरली. गाडीत ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. दवाखान्यात नंबर आल्यावर डॉक्टरबाईंनी काही विचारायच्या आत तिनंच ब्लाउजचं बटण काढलं.

"परवा दिसलं मॅडम. हाय तसंच ठेवलंय. हात लावला न्हाई."

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ घेतला. भिंगातून बराच वेळ बघितलं.

"टाक्याची गाठ असावी. पण मी नुसता अंदाज करणार नाही. काढून पाठवू या?"

"काढा."

"आजच?"

"आजच काढा. डबीत घाला. डबीवर माझं नाव घाला, मला वाचून दाखवा," अंजना म्हणाली, आणि टेबलाकडं जाता जाता वळून तिनं विचारलं, "पण पाचच्या आत घरी पोचवाल न्हवं? बाळंतिणीची शेगडी पेटवायची हाय."